अक्काचे आठ दिवस

माझ्या बहिणीचा मानसशास्त्राचा पेपर मी घालवला. पेपर दिला तिने, मार्क कमी पडले तिला, पण घालवला मी. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे सांगताना मला सबबी सुचतील, आणि सबबी मला फार चांगल्या सुचतात.

शीतल अक्का माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठी. आमचं गाव सावद्याजवळ, केळीच्या पट्ट्यात. तिला दिली ती पार धुळ्यापलीकडे, सोनगीरला. लग्न ठरलं तेव्हा ती बी.ए.च्या पहिल्या वर्षाला होती. बाकीचे विषय सुटले, मानसशास्त्र तेवढं अडकलं. एकदा लग्नाच्या धावपळीत राहिलं, दुसऱ्यांदा सासऱ्यांच्या आजारपणात. तिसऱ्यांदा फॉर्म भरला तेव्हा तिच्या सासूबाईंनी, शेवंताबाईंनी, स्पष्ट सांगितलं की ही शेवटची खेप. पास झालीस तर पुढे खुशाल शीक, नाही झालीस तर पुस्तकं माळ्यावर टाकायची आणि पुन्हा काढायची नाहीत.

बाई कडक आहे, पण उफराटी नाही. घरात दोन म्हशी, दाजी सकाळी सातला कामाला धुळ्याला जाणार, येणारंजाणारं माणूस सारखं. इथे वाचन होणार नाही हे त्यांनाही कळत होतं. पेपर आखाजीनंतर दोन दिवसांनी होता. तेव्हा त्याच म्हणाल्या, आखाजीला माहेरी जायचंच आहे, तर यंदा आठ दिवस आधी जा आणि तिकडे बसून वाच.

आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया, हा आमच्या खान्देशातला सासुरवाशिणींचा सण. दिवाळीला मुलगी नाही आली तर चालतं, आखाजीला यावीच लागते. पण ती आपली आपण पिशवी उचलून येत नाही. माहेरचं माणूस घ्यायला जातं, त्याला मुराळी म्हणतात. मुराळी आला नाही तर मुलगी सासरच्या दारातच. वडिलांचा, आबांचा, गुडघा गेलेला, त्यामुळे लग्नापासून दर वर्षी मुराळी मीच.

आणि आखाजीची दुसरी एक गोष्ट सांगायला हवी, ती बायका सांगत नाहीत. आखाजीच्या आसपास आमच्याकडे पत्त्यांना मोकळीक असते. एरवी पत्त्यांना हात लावला तर जोडा काढणारे म्हातारेही त्या दिवसांत लिंबाखाली पोतं अंथरून बसतात. खरं तर मोकळीक सणाच्या दिवसाची. आम्ही पोरांनी ती ताणून आठ दिवसांची केली होती.

अक्काला आणायला जायचं त्या दिवशी सकाळी मी कपडे घालून तयार होतो. एस.टी.ला तासभर होता म्हणून लिंबाखाली टेकलो. माझा दोस्त योगराज, त्याने पानं वाटली. पहिला डाव मी जिंकलो, मग चार हरलो, मग एक जिंकलो, आणि मान वर केली तेव्हा दुपारची गाडीही गेली होती.

उद्या जाऊ म्हटलं. उद्याही तेच झालं. तिसऱ्या दिवशी मात्र दोन्हीकडून फोन सुरू झाले आणि मी दोन थापा मारल्या. अक्काला सांगितलं, "बागेत केळीची कटाई लागली, आबांकडून उभं राहवत नाही, मले हलता येत नाही. आईजवळ बोलू नको, ते दोघं उगाच भांडतीन." आईला सांगितलं, "अक्काच्या सासूचा निरोप आला, म्हैस व्यायची आहे, आखाजीच्या आदल्या दिवशीच ये म्हणे." आईने त्या बाईला जे काय म्हणायचं ते म्हटलं. मी मान डोलावली. माझी लाज इथपर्यंत गेली होती की वर मी म्हणालो, "जाऊ दे आई, त्यांच्याकडेही अडचण असतीन."

आखाजीच्या आदल्या दिवशी मी सोनगीरला पोचलो. अक्काची पिशवी ओट्यावर भरून ठेवलेली होती. वरच्या साडीच्या घडीवर धूळ बसली होती, त्यावरून ती कधीपासून भरलेली असेल ते मला कळलं. शेवंताबाईंनी पाणी दिलं आणि म्हणाल्या, "काय भाऊ, आते उनात का? आठ दिन वाट दखी पोरनी."

आत्ता आलात का, या प्रश्नावर मी कटाईचं पुराण लावलं. अक्का खाली मान घालून ऐकत होती. शेवंताबाई तिला म्हणाल्या, "आते एक दिनकरता काय जास माहेरले? आठेच बस, वाची ले. घर मी दखसू."

इतकी शहाणपणाची गोष्ट त्या दिवशी दुसऱ्या कोणी सांगितली नाही. तीन दिवस इथेच बसायचं, स्वयंपाक नाही, म्हशी नाहीत, नुसतं वाचायचं. अक्काने माझ्याकडे पाहिलं. मी 'बरोबर आहे' एवढं म्हणायला हवं होतं. पण माझ्या डोक्यात दुसरंच चाललं होतं. अक्का आली नाही तर आई शेवंताबाईंना फोन लावेल, म्हशीचं विचारेल, आणि माझं बिंग फुटेल. मी म्हणालो, "आई आठ दिवसांपासून डोळे लावून बसली. आखाजीले पोर दारात नाही तं ती जेवणार नाही."

अक्का उठली आणि चपला घातल्या. पत्ते खेळलो त्याचं मला वाईट वाटतंच, पण ते वाक्य आठवलं की अजून अंगाला काटा येतो.

धुळ्याला गाडी बदलली. जळगावच्या गाडीत दोघांची जागा मिळाली. पारोळ्याच्या रस्त्याला लागलो तशी अक्काने प्लास्टिकच्या पिशवीतून वही काढली आणि माझ्या मांडीवर ठेवली. "तू इचार, मी सांगते. जिथं चुकली तिथं थांबव."

मी बारावीला गणितात आडवा झालेला माणूस. वहीतला पहिलाच शब्द होता 'अभिजात अभिसंधान'. मला वाटलं हे कुठल्यातरी यज्ञातलं असावं. अक्काने डोळे मिटून सांगितलं: कुत्र्याला अन्न दिसलं की लाळ सुटते, अन्नाबरोबर रोज घंटा वाजवली तर पुढे नुसत्या घंटेनेही सुटते.

"कुत्र्याच्या लाळेवर मार्क भेटतात?" मी विचारलं.

"दहा. अन् उदाहरण आपल्या मनाचं दिलं तं जास्ती भेटतात. मी म्हशीचं देणार आहे. बादलीचा आवाज आला का आमची म्हैस पान्हा सोडते. पारडू जवळ नसलं तरी."

ती हसली. इतक्या दिवसांनी भेटली होती, पण तेव्हा पहिल्यांदा नीट हसली. मग प्रबलन झालं, शिक्षा झाली, अवधान झालं. भराभर सांगत होती. मधेच अडखळली की ओठ चावायची, बाहेर बघायची, आणि शब्द सापडला की माझ्या गुडघ्यावर चापट मारायची. लहानपणी पाढे म्हणतानाही ती असंच करायची, पण तेव्हा चापट मारायला मी जवळ असायचोच असं नाही, मी बोरं पाडायला पळालेला असायचो. खिडकीतून भट्टीसारखी हवा येत होती. मला मनापासून वाटायला लागलं की काही बिघडलेलं नाही. पोरगी हुशार आहे, काढून नेईल.

एरंडोलच्या अलीकडे पान उलटलं. वर लाल शाईने लिहिलं होतं, 'सराव'. मी वाचायला लागलो. एकाच बैठकीत सलग घोकलेलं लवकर विसरलं जातं. तोच मजकूर, तेवढाच वेळ, पण अनेक दिवसांत विभागून वाचला तर जास्त काळ टिकतो. त्याखाली अक्काने स्वतःसाठी लिहून ठेवलं होतं: 'आखाजीच्या आधी आठ दिवस. रोज एक प्रकरण. शेवटच्या दिवशी फक्त उजळणी.' प्रकरणं आठच होती. प्रत्येकापुढे तारीख घातलेली होती. पहिली तारीख मी कपडे घालून लिंबाखाली टेकलो त्या दिवसाची होती.

मी वाचता वाचता थांबलो. अक्का म्हणाली, "ते राहू दे. ते येतं मले. पुढचं इचार."

घरी पोचलो तेव्हा आईने भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि पहिलं वाक्य बोलली ते शेवंताबाईंबद्दल. "आठ दिवस बी नाही सोडली पोरीले. म्हैस म्हणे व्यायची होती!" अक्का दारातच थबकली. तिने एकदा आईकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मी पिशवी उचलून आत पळालो. स्वयंपाकघरात जाऊन माठातलं पाणी प्यायलो, तहान नव्हती तरी. बाहेरून अक्काचा आवाज आला, "हो ना आई. म्हैस अडली होती."

तेव्हाच सरळ बाहेर जाऊन बोलायचं होतं. तसं केलं असतं तर ही सगळी कथा सांगायची वेळ आली नसती.

आखाजीच्या दिवशी वाचन होईल असं मानणं हाच मूर्खपणा. सकाळी पितरांची घागर भरली, तिच्यावर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवून पूजा झाली. मग मांडे करायचे. मांडे हातावर फिरवून खापरावर टाकायला आमच्या घरी अक्काइतका हात कोणाचा बसलेला नाही, म्हणून तिलाच बसवलं. सोवळ्याओवळ्यातून, रसाच्या पातेल्यांतून, शेजारणींच्या चौकशांतून ती सुटून वही घेऊन ओट्यावर येऊन बसली की कोणीतरी हटकायचंच. आई म्हणाली, "एका दिवसासाठी आली अन् तोंडापुढे वही धरली. मायजवळ बसशीन का नाही?" आईचंही खोटं नव्हतं. तिला बिचारीला कुठे माहीत होतं की हा एक दिवस मी करून ठेवलेला आहे.

जेवणं झाल्यावर मी अक्काला म्हटलं, चल बागेत. आमच्या केळीच्या बागेत मोटरीची खोली आहे, भर उन्हातही तिथे थंडावा असतो. निघालो तर वाटेत लिंबाखाली डाव पडलेला. योगराज ओरडला, "तेज्या, आज काहून नाही रे? तुझ्याशिवाय रंग नाही!" मी हात झटकला आणि चालायला लागलो. अक्काने डोक्यावरचा पदर पुढे ओढला आणि माझ्यापुढे दोन पावलं चालत राहिली.

मोटरीच्या खोलीत तिने पोतं अंथरलं. मी वही उघडली. प्रबलनाचा उरलेला भाग होता. मी विचारलं, "अंशतः प्रबलन म्हणजे काय, उदाहरणासह सांगा."

"प्रत्येक वेळी बक्षीस भेटत नाही," ती म्हणाली. "कधी भेटतं, कधी नाही, अन् कधी भेटीन ते सांगता येत नाही. असं असलं का माणूस ती गोष्ट लवकर सोडत नाही. रोज भेटणारं बक्षीस बंद झालं तं दोन दिवसांत सोडतो, पण याची सवय लय चिवट."

"उदाहरण?"

"पत्ते खेळणारा," अक्का म्हणाली. "चार डाव हरला तरी उठत नाही. पुढचा डाव आपलाच, असं त्याले वाटत राहतं. त्याची गाडी गेली तरी त्याले समजत नाही."

वहीत जुगारी एवढंच लिहिलं होतं. गाडीचं वहीत काही नव्हतं. मी वर पाहिलं. ती खोलीच्या दाराबाहेर, घडांच्या पलीकडे बघत होती. मी म्हणालो, "अक्का, मी एक—"

"पुढचा प्रश्न," ती म्हणाली.

मी पुढचा प्रश्न विचारला. एवढाच मी शूर. ती पुढे उत्तरं देत गेली. भावना झाल्या, प्रेरणा झाल्या, व्यक्तिमत्त्व धावतं झालं. माणूस स्वतःच्या वागण्याला बरी दिसणारी कारणं जोडतो त्याला समर्थन म्हणतात, हेही मी तिच्याकडून त्याच दुपारी शिकलो, आणि शिकताना शहाण्यासारखी मान हलवली. स्मृती आणि विस्मरण अशी दोन प्रकरणं राहिली होती तेवढ्यात मोनाली आणि दोघीतिघी केळीतून शोधत आल्या. मोनाली अक्काची शाळेपासूनची मैत्रीण, तीही माहेरपणाला आलेली. "झोका रिकामा आहे अन् ही अठी दडून बसली!" त्यांनी तिला दोन्ही हातांना धरून उठवलं. अक्काने वहीकडे पाहिलं आणि मग गेली. झोक्यावरची गाणी बागेपर्यंत ऐकू येत होती. मी पोत्यावर बसून ती दोन प्रकरणं स्वतःच वाचली. सांकेतन, साठवण, पुनःप्राप्ती. माझा काय उपयोग होता त्याचा?

दुसऱ्या दिवशी परत निघालो. गाडीत वाचू असं ठरवलं होतं. पण आखाजी करून परतणारा सगळा जिल्हा त्या गाडीत होता. पारोळ्यापर्यंत उभ्याने आलो, अक्काच्या हातात आईने दिलेला रसाचा डबा, माझ्या डोक्यावर पिशवी. वही पिशवीत सगळ्यात खाली. सोनगीरला पोचेपर्यंत रात्र झाली, आणि अक्का वही हातात धरूनच झोपली.

पेपरच्या दिवशी धुळ्याला कॉलेजच्या फाटकासमोर मी तीन तास उभा होतो. बसायला बाक होता, पण बसवेना. अक्का बाहेर आली तेव्हा तिने आधी बाटलीतलं पाणी संपवलं.

"कसा गेला?"

"प्रबलनाचं आलं. म्हशीचं बी लिहिलं. चांगलं लिहिलं."

"अन्?"

"स्मृतीवर पंधरा मार्कांचा आला. विस्मरणावर दहाचा." तिने बाटलीचं झाकण लावलं. "मथळे लिहिले. खाली काय लिहावं ते नाही सुचलं."

तीन मार्कांनी गेली. निकाल मी इथे मोबाइलवर पाहिला. सीट नंबर माझ्याकडे होता. मी पाच वेळा पाहिला, जणू सहाव्यांदा ते तीन मार्क कुठून उगवणार होते.

त्यानंतर आईने शेवंताबाईंचं नाव काढलं नाही असा दिवस गेला नाही. "त्या बाईनं वाटोळं केलं माझ्या पोरीचं. आठ दिवस सोडली असती तं काय बिघडत होतं तिचं?" जेवताना हेच, शेजारणीजवळ हेच, केळीचं कमळ, म्हणजे केळफूल, मोडतानाही हेच. आबा ऐकून घ्यायचे. मी ताटावरून उठायला लागलो. झोप उडाली. पत्त्यांना हात लावला नाही, पण त्याने कोणाचं काय भलं होणार? तिकडे अक्काची पुस्तकं माळ्यावर गेली असतील, आणि ज्या बाईने आठ दिवस देऊ केले होते तिला माझ्या घरात रोज शिव्या बसत होत्या.

एका रविवारी कोणाला न सांगता मी सोनगीरची गाडी धरली. मनात सगळं जुळवून ठेवलं होतं. सरळ शेवंताबाईंच्या पायाशी बसायचं, खरं सांगायचं, अक्काला आणखी एक संधी द्या म्हणायचं. इतकं मोठं काहीतरी करतो आहे या विचाराने गाडीत माझं मलाच भरून येत होतं.

गेलो तेव्हा शेवंताबाई ओट्यावर शेंगा निवडत होत्या, गोपाल दाजी खाटेवर होते, अक्का चहा ठेवायला आत गेली होती. मी थांबलो असतो तर पुन्हा एखादी सबब सुचली असती, म्हणून उभ्या उभ्याच सुरुवात केली. कटाई नव्हती. आबांचं काही नव्हतं. मी आठ दिवस पत्ते खेळत होतो. अक्काला खोटं सांगितलं, आईला तुमच्या नावावर खोटं सांगितलं. तुम्ही तिला इथेच बस म्हणालात तेव्हा ओढून नेली तीही माझ्यासाठी. ती नापास झाली ती माझ्यामुळे. तिला आणखी एकदा बसू द्या.

दाजी खाटेवर उठून बसले. शेवंताबाईंचे हात शेंगांत तसेच राहिले. पण त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. त्या दाराकडे बघत होत्या, तिथे अक्का कपबश्या घेऊन उभी होती.

"शीतल, तू त माले सांगं व्हतं, तूच भाऊले उशिरा बलायं म्हनीसन," त्या म्हणाल्या. "मैत्रिणी उशिरा येणार, म्हनीसन मीच त्याले सांगं, असं तू बोलनी व्हतीस."

अक्काने कपबश्या उंबऱ्यावर टेकवल्या.

"माले वाटनं, हिलेच वाचानी हौस नही. आठ दिन देल्हात त्या हिनी मैत्रिणीसाठे घालाडात. म्हनीसन मी पुस्तकं वर टाकाले लावात." त्यांचा आवाज चढला. "मना घरमा बशीन माले खोटं का बरं सांगं?"

तेव्हा मला सगळं कळलं. माझी कटाईची थाप शेवंताबाईंना पटली नसणार, निकालानंतर त्यांनी उशिराचं खरं कारण तिला खोदून विचारलं असणार, आणि तिने ते स्वतःवर घेतलं होतं. माहेरचं नाव राहावं, भावाला कोणी नावं ठेवू नयेत, म्हणून. त्या एका खोट्यापायी सासूच्या मनातून तिचं शिकणं उतरलं होतं. ते तिने गप्प बसून सोसलं. आणि मी मोठ्या तालात येऊन तिला तिच्याच ओट्यावर खोटी ठरवलं.

शेवंताबाई बराच वेळ शेंगा निवडत राहिल्या. मग निकाल दिल्यासारखं म्हणाल्या, "फारम भर. मी नही म्हनत नही. पण आते आठेच बशीन वाचानं. पास व्हत नही तोपावत माहेरनं नाव काढानं नही. दिवाळी नही, आखाजी नही." दाजी काहीतरी म्हणायला गेले, त्यांनी हातानेच थांबवलं. मला म्हणाल्या, "चहा पी, भाऊ." मी तो प्यायलो. कसा प्यायलो मला माहीत नाही.

अक्का मला महामार्गावरच्या थांब्यापर्यंत सोडायला आली. थांब्यावर आल्यावर म्हणाली, "मोनालीनं मले दुसऱ्याच दिवशी फोनवर सांगितलं होतं. तू लिंबाखाली बसेल आहे म्हणून."

"मंग तू मले शिव्या काहून नाही घातल्या?"

"घालून काय, तू आला असता?" तिने विचारलं. मी गाडी येते का ते बघायला लागलो. तिने पुढे विचारलं, "आज कोणासाठी आला होता रे?"

"तुझ्यासाठी."

"नाही. तुले झोप येत नव्हती म्हणून आला." ती चिडलेली नव्हती. पेपरातलं उत्तर सांगावं तसं तिने सांगितलं. "मले एकदा इचारलं असतं तं मी नको म्हटलं असतं. मी त्यांना हळूहळू मनवत होती. दिवाळीपर्यंत मानल्या असत्या."

मी रडलो. रस्त्यावर, ट्रकांसमोर, बावीस वर्षांचा घोडा. तिने थोडा वेळ रडू दिलं. मग म्हणाली, "पुरे. आता आईले फोन लाव. तिच्या तोंडून माझ्या सासूले आणखी एक शिवी नको. अठीच, माझ्यासमोर सांग."

मी फोन लावला. अक्कालाही ऐकू यावं म्हणून स्पीकर चालू केला. आईला सगळं सांगितलं, यावेळी काही न जोडता. मग आई म्हणाली, "म्हणजे ती बाई आठ दिवस देत होती?"

"हो."

"अन् मी गावभर तिले..." आईचं वाक्य तिथेच राहिलं. मग तिने नाक ओढलेलं ऐकू आलं. "अक्का जवळ आहे का? दिवाळीले घेऊन येजो तिले. मी तिच्या सासूले स्वतः फोन करते, माफी मांगते. आठ दिवस आधी जाजो बरं, या खेपेले."

अक्का माझ्यासमोर हाताची घडी घालून उभी होती. तिने माझ्याकडे पाहत मान हलवली, नाही म्हणून.

"दिवाळीले ती नाही येणार, आई," मी म्हणालो. "आखाजीले बी नाही."

"काहून?" आईने विचारलं.

अक्का फोन घेईल म्हणून मी तो तिच्यापुढे धरला. तिने घेतला नाही. तेही मलाच सांगावं लागलं.